ड जीवनसत्त्वाचा हिशेब: ऊन, अन्न, तपासणी आणि गोळी नेमकी किती

पोटात गेलेल्या कॅल्शियमपैकी आतडी रक्तात किती पोहोचवतात, हे ड जीवनसत्त्वावर ठरते. ते पुरेसे असेल तर ३० ते ४० टक्के कॅल्शियम शोषले जाते, नसेल तर जेमतेम १० ते १५ टक्के. म्हणजे कमतरता असलेल्या माणसाने रोज पुरेसे कॅल्शियम खाल्ले तरी त्यातले बरेचसे वाया जाते. पण हृदय, स्नायू आणि मज्जातंतू यांना रक्तात कॅल्शियमची एक ठरावीक पातळी लागतेच, तिथे शरीर तडजोड करत नाही. मग मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक वाढते आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणले जाते. अशा वेळी रक्तातले कॅल्शियम तपासले तर ते बहुधा व्यवस्थितच येते. झीज हाडांची चाललेली असते, आणि ती वर्षानुवर्षे कळतही नाही.

मुलांमध्ये या झिजेला मुडदूस म्हणतात. पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटे रुंद होतात, टाळू उशिरा भरते, दात उशिरा येतात, आणि कॅल्शियम फारच घसरले तर झटके येतात. मोठ्यांमध्ये हाडे वाकत नाहीत, पण नव्या हाडात खनिज नीट भरले जात नाही आणि हाड मऊ राहते. नडगी किंवा छातीचे मधले हाड अंगठ्याने दाबले की दुखते. खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत. हे दुखणे अनेकदा ‘वय झाले’ किंवा ‘संधिवात असेल’ म्हणून सोडून दिले जाते. मांड्या आणि खांद्यांचे स्नायू कमजोर होणे आणि हाडे दाबल्यावर दुखणे ही दोन्ही एकत्र दिसली, तर ड जीवनसत्त्वाचा विचार आधी करावा.

ड जीवनसत्त्वाकडून किती अपेक्षा ठेवावी

मुडदुसावर दोन अगदी वेगळे उपाय लागू पडतात, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्षात आले. १९१९ मध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याने मुडदूस झालेली मुले बरी केली. त्याच सुमारास एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा गुण दाखवला. पुढे १९२२ मध्ये एल्मर मॅकॉलम यांनी त्या तेलातले अ जीवनसत्त्व उष्णता आणि हवेने नष्ट केले. तरीही तेलाने मुडदूस बरा होतच राहिला, म्हणजे त्यात आणखी काहीतरी होते. अ, ब आणि क ही नावे आधीच दिलेली होती, म्हणून या घटकाला ड मिळाले. ऊन आणि तेल एकाच आजारावर का चालतात, याचे उत्तर त्वचेत सापडले: उन्हामुळे शरीर हे द्रव्य स्वतःच तयार करते. त्यामुळे खरे पाहता ते जीवनसत्त्वापेक्षा संप्रेरकाच्या अधिक जवळचे आहे.

त्वचेत तयार झालेले किंवा पोटातून आलेले ड जीवनसत्त्व तसेच कामाला येत नाही. यकृतात त्यावर पहिली प्रक्रिया होते आणि २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी तयार होते. हा शरीरातला साठा. मूत्रपिंडात दुसरी प्रक्रिया होऊन कॅल्सिट्रायॉल बनते, आणि प्रत्यक्ष काम करणारे रूप हेच. साठा रक्तात निम्मा व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात, कॅल्सिट्रायॉल मात्र काही तासांतच संपते. तपासणी, मात्रा आणि फेरतपासणी यांचे बहुतेक नियम या दोन कालावधींतून निघतात, म्हणून ते लक्षात ठेवावेत.

कर्करोग, हृदयविकार, मधुमेह, नैराश्य या सगळ्यांवर ड जीवनसत्त्वाचा इलाज सांगितला जातो. त्याला मोठ्या चाचण्यांचा आधार मिळालेला नाही. ‘व्हायटल’ या चाचणीत २५,८७१ प्रौढांपैकी निम्म्यांना रोज ड जीवनसत्त्वाचे २,००० युनिट (मात्रा मोजायचे आंतरराष्ट्रीय माप) दिले गेले. कर्करोग किंवा हृदयविकाराचे प्रमाण त्याने कमी झाले नाही. आधीच बरी पातळी असलेल्या निरोगी माणसांची हाडे मोडण्याचे प्रमाणही घटले नाही, हे २०२२ मध्ये स्पष्ट झाले. याचा अर्थ ड जीवनसत्त्व निरुपयोगी आहे असा नाही. कमतरता भरून काढल्याने मोठा फायदा होतो, भरलेल्या भांड्यात आणखी ओतल्याने होत नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच: आपल्याला कमतरता असण्याची शक्यता किती?

पायरी १: आपली जोखीम ओळखा

दिवसाचा बराचसा वेळ छताखाली जातो का? बाहेर पडताना हात, पाय, मान झाकलेली असतात का? त्वचा सावळी किंवा काळी आहे का? मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरणे अडवते, त्यामुळे गडद त्वचेला तेवढेच ड जीवनसत्त्व तयार करायला गोऱ्या त्वचेपेक्षा कित्येक पट वेळ लागतो. वय वाढले की त्वचेतला कच्चा मालही कमी होतो. सत्तरीतली त्वचा विशीतल्या त्वचेच्या साधारण पाव क्षमतेने काम करते. वजन जास्त असेल तर हे चरबीत विरघळणारे द्रव्य मोठ्या शरीरात पसरते आणि रक्तातली पातळी खाली राहते.

काही आजारांत शोषणच बिघडते: सीलिएक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्यांना इजा होणारा आजार), आतड्यांचा दीर्घकालीन दाह, स्वादुपिंडाचे विकार, वजन कमी करण्यासाठी केलेली जठराची किंवा आतड्यांची शस्त्रक्रिया. यकृत किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर वर सांगितलेल्या दोन प्रक्रियांपैकी एक अडते. औषधांपैकी फेनिटोइन, फेनोबार्बिटाल, कार्बामाझेपीन आणि रिफॅम्पिसिन ही ड जीवनसत्त्वाचे विघटन वेगाने करतात. कोलेस्टायरामीन आणि ऑरलिस्टॅट शोषण कमी करतात. स्टेरॉइड बराच काळ चालू असतील तर हाडांवर दोन्ही बाजूंनी ताण येतो. फक्त आईच्या दुधावर असलेले बाळ, गर्भवती आणि पंचाहत्तरी ओलांडलेली माणसे यांनाही जोखमीतच धरावे.

यातले दोन-तीन मुद्दे लागू होत असतील तर पुढचे सगळे वाचा. एकही लागू होत नसेल तर ऊन आणि अन्न यांवरचा भाग पुरेसा आहे.

पायरी २: ऊन, पण कुठले?

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून जरा सविस्तर.

ड जीवनसत्त्व तयार करणारी किरणे म्हणजे अतिनील ब, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीची. सूर्य तिरका असताना प्रकाशाला वातावरणाचा जाड थर पार करावा लागतो आणि ही किरणे ओझोनमध्येच अडकतात. सकाळचे कोवळे ऊन अंगाला बरे वाटते, उजेडाने झोपेचे चक्रही सुधारते, पण ड जीवनसत्त्वाच्या दृष्टीने ते जवळजवळ निरुपयोगी असते. सूर्य पुरेसा वर आला की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. सपाट जागी ताठ उभे राहा आणि सावली पाहा. सावली तुमच्या उंचीपेक्षा छोटी असेल तर अतिनील ब किरणे पुरेशी आहेत, लांब असेल तर नाहीत. बहुतेक ठिकाणी ही वेळ साधारण दहा ते तीनच्या दरम्यान येते. हवामानाच्या अॅपमध्ये अतिनील निर्देशांक दिसत असेल तर तो ३ च्या खाली असताना फारसे काही तयार होत नाही, असे समजावे. विषुववृत्तापासून दूर, साधारण ३५ ते ४० अंशांच्या पलीकडे राहणाऱ्यांची सावली हिवाळ्यात भर दुपारीही लांबच असते, त्यामुळे तिथे काही महिने ऊन या कामाचे नसतेच.

काचेतून येणारे ऊन चालत नाही. खिडकीची साधी काचसुद्धा अतिनील ब अडवते आणि अतिनील अ बरीचशी आत सोडते. म्हणजे गाडीत किंवा खिडकीशी बसून त्वचा काळवंडते, सुरकुतते, पण ड जीवनसत्त्व मिळत नाही. दाट ढग, धूर आणि प्रदूषण यांनीही किरणे घटतात.

वेळ किती? चेहरा, हात, दंड आणि पाय उघडे ठेवून, सनस्क्रीन न लावता, गोऱ्या त्वचेला आठवड्यातून दोन-तीनदा ५ ते १५ मिनिटे सहसा पुरतात. गडद त्वचेला ३० मिनिटे किंवा त्याहून जास्त लागतात. नुसता चेहरा आणि तळहात उन्हात धरून भागत नाही, कारण त्वचेचे क्षेत्रफळ फार कमी पडते. दंड आणि पिंढऱ्या उघड्या असल्या तर तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त मिळते. त्वचा लालसर व्हायला जितका वेळ लागतो त्याच्या निम्म्यावर थांबावे, मग सावलीत जावे, कपड्याने झाकावे किंवा सनस्क्रीन लावावे.

जास्त वेळ बसल्याने जास्त मिळत नाही. त्वचेतल्या कच्च्या मालाचा साधारण १० ते १५ टक्के भाग बदलला की पुढची किरणे ड जीवनसत्त्वाच्या पूर्वरूपाचे निष्क्रिय पदार्थांत रूपांतर करू लागतात. म्हणूनच उन्हाने ड जीवनसत्त्वाची विषबाधा कधी होत नाही. तासभर भाजून घेतल्यावर हाती येते ते फक्त त्वचेचे नुकसान. अतिनील किरणे त्वचेच्या कर्करोगाचे निश्चित कारण आहेत. ज्यांना तो आधी झाला आहे, ज्यांना ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आहे किंवा जे डॉक्सिसायक्लिनसारखे उन्हाची संवेदनशीलता वाढवणारे औषध घेत आहेत, त्यांनी उन्हाचा मार्ग सोडून थेट गोळीकडे वळावे. सहा महिन्यांखालच्या बाळाला यासाठी थेट उन्हात ठेवू नये.

ऊन घेतल्यावर लगेच आंघोळ केली तर जीवनसत्त्व धुऊन जाते, ही भीती सोडून द्या. ते त्वचेच्या जिवंत थरांत तयार होते, साबणाचा हात तिथवर पोहोचत नाही.

पायरी ३: अन्नाचा हिशेब

एक वर्षापासून सत्तरीपर्यंत रोजची गरज ६०० युनिट, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम, धरली जाते. सत्तरीनंतर ८०० युनिट. बाळाला पहिल्या वर्षी ४००. ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम, हे पाठच करून ठेवावे, कारण काही लेबलांवर युनिट असतात तर काहींवर मायक्रोग्रॅम.

आता ताटाकडे पाहू. एका अंड्यात साधारण ४४ युनिट असतात, तीही पिवळ्या बलकात. फक्त अंड्यांवर ६०० गाठायचे तर रोज तेरा-चौदा अंडी लागतील. सॅमनसारख्या तेलकट माशाच्या ८५ ग्रॅमच्या तुकड्यात ५०० हून जास्त युनिट मिळतात, त्यामुळे आठवड्यातून दोनदा असा मासा खाणाऱ्याची बाजू बरीच बळकट असते. कॉड यकृत तेलाच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे ४५० युनिट असतात. मात्र त्याच चमच्यात अ जीवनसत्त्वही भरपूर असते, म्हणून दोन-तीन चमचे घेऊ नयेत आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

दुधात ड जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या नगण्य असते. ‘दूध पितो, म्हणजे ड मिळते’ हे फक्त फोर्टिफाइड, म्हणजे वरून जीवनसत्त्व मिसळलेल्या, दुधाला लागू आहे, तेही लेबलवर किती लिहिले आहे ते वाचून. भाज्या, धान्ये, डाळी, फळे यांत ते जवळजवळ नसतेच.

मांसाहार न करणाऱ्यांसाठी एक चांगली वाट आहे: अळिंबी. अळिंबीत एर्गोस्टेरॉल असते आणि अतिनील किरणांनी त्याचे ड२, म्हणजे ड जीवनसत्त्वाचे बुरशीत बनणारे रूप, होते. बंद खोलीत वाढवलेल्या अळिंबीत ते फारसे नसते, पण घरी करता येते. ताजी अळिंबी उभी चिरून पातळ काप करावेत, ते एका थरात पसरावेत आणि भर दुपारच्या थेट उन्हात, काचेमागे नव्हे, अर्धा ते एक तास ठेवावेत. १०० ग्रॅमला साधारण ४०० युनिट किंवा त्याहून जास्त मिळतात, आणि शिजवल्यावर बहुतांश टिकतात. कापांऐवजी अख्खी अळिंबी ठेवली तर उघडा पृष्ठभाग कमी राहतो आणि मिळकतही घटते.

एवढे करूनही बहुतेकांचा अन्नातून मिळणारा आकडा ६०० च्या बराच खाली राहतो. यात कुणाच्या स्वयंपाकाचा दोष नाही. मुळात हे द्रव्य अन्नात फार कमी ठिकाणी आहे.

पायरी ४: तपासणी कुणी, कुठली, कशी

निरोगी, लक्षणे नसलेल्या प्रौढाने उगाच तपासणी करू नये, असे अमेरिकेच्या एन्डोक्राइन सोसायटीने (संप्रेरकतज्ज्ञांची संघटना) २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. रोजच्या गरजेएवढी गोळी तपासणीशिवायही सुरक्षित असते. हाडांचे दुखणे, स्नायूंची कमजोरी, किरकोळ पडण्याने मोडलेले हाड, शोषणाचे विकार, मूत्रपिंडाचा आजार किंवा वर दिलेली औषधे असतील तर मात्र तपासणी हवीच.

मागायची तपासणी म्हणजे ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’. ‘१,२५-डायहायड्रॉक्सी’ अशीही तपासणी असते आणि ती जास्त भारी वाटते, पण कमतरता शोधायला ती चुकीची आहे. कमतरता असताना पॅराथायरॉइड संप्रेरक मूत्रपिंडाला कामाला लावते आणि हा आकडा सामान्य, कधी चक्क वाढलेला येतो. साठा रिकामा असताना अहवालावर सगळे ठीक दिसते.

उपाशीपोटी जायची गरज नाही. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर किमान दोन दिवस आधी थांबवाव्यात, कारण काही यंत्रांवर बायोटिनमुळे आकडा खोटा वाढलेला येतो. मोठा संसर्ग किंवा शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर आकडा तात्पुरता घसरतो, काही आठवडे थांबून तपासावे. पुन्हा तपासताना शक्यतो तीच प्रयोगशाळा ठेवावी, कारण पद्धत बदलली की आकडाही बदलतो.

अहवाल हातात आला की आधी एकक वाचा. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरला २.५ ने गुणले की नॅनोमोल प्रति लिटर मिळते. ४८ नॅनोमोल म्हणजे जेमतेम १९ नॅनोग्रॅम. हा आकडा ४८ नॅनोग्रॅम समजून निर्धास्त राहणारे आणि याच्या उलट चूक करून विनाकारण घाबरणारे, दोन्ही भेटतात.

नॅनोग्रॅममध्ये: १२ च्या खाली स्पष्ट कमतरता. १२ ते २० अपुरे. २० च्या वर बहुतेकांच्या हाडांना पुरेसे. अनेक डॉक्टर, विशेषतः ऑस्टिओपोरोसिस (हाडे ठिसूळ होण्याचा आजार) असेल तर, ३० चे लक्ष्य ठेवतात. ५० च्या वर नेऊन काही साधत नाही, आणि १५० च्या वर विषबाधेचा धोका. अहवालावर ३० च्या खालचे सगळे लाल अक्षरांत छापलेले असते, म्हणून २४ आकडा पाहून मोठ्या मात्रा सुरू करू नयेत.

आकडा १२ च्या खाली असेल किंवा हाडे दुखत असतील तर सोबत कॅल्शियम, फॉस्फेट, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन आणि पॅराथायरॉइड संप्रेरकही पाहावे. फॉस्फटेज आणि संप्रेरक वाढलेले, फॉस्फेट उतरलेले असेल तर हाडांवर परिणाम सुरू झाला आहे. उलट, उपचार सुरू व्हायच्या आधीच कॅल्शियम वाढलेले असेल तर ड जीवनसत्त्व सुरू करू नये. पॅराथायरॉइडची गाठ, सार्कॉइडोसिस (फुप्फुसांत आणि इतर अवयवांत दाहाच्या बारीक गाठी होण्याचा आजार) किंवा क्षयरोग असू शकतो. सार्कॉइडोसिस आणि क्षयासारख्या आजारांत रोगग्रस्त ऊतीच कॅल्सिट्रायॉल बनवतात, त्यामुळे गोळीने कॅल्शियम धोकादायक पातळीला जाऊ शकते.

पायरी ५: मात्रा ठरवणे

ढोबळ नियम असा: प्रौढाने रोज १०० युनिट जास्त घेतले की तीन-चार महिन्यांत पातळी साधारण १ नॅनोग्रॅमने वाढते. समजा आकडा १४ आहे आणि ३० गाठायचे आहे. १६ चा फरक, म्हणजे रोज साधारण १,६०० युनिट. प्रत्यक्षात २,००० ची गोळी घ्यावी. आकडा फार खालचा असेल तर सुरुवातीची वाढ जलद होते, वर जाईल तसा वेग मंदावतो. वजन खूप जास्त असेल तर दुप्पट ते तिप्पट मात्रा लागू शकते, ती डॉक्टरांनी ठरवावी.

स्पष्ट कमतरतेत प्रौढांसाठी रूढ पद्धत म्हणजे आठवड्यातून एकदा ५०,००० युनिट, आठ आठवडे, किंवा रोज ६,००० युनिट तेवढाच काळ. नंतर रोज १,५०० ते २,००० वर स्थिर राहायचे. दोन्हींत निवड करायची तर आमचे मत रोजच्या छोट्या मात्रेकडे झुकते, कारण पातळी सलग राहते आणि एखादी गोळी चुकली तरी फारसे बिघडत नाही. आठवड्याची गोळी विसरली तर पुढच्या आठवड्यात दोन घेण्याची चूक होते. ज्यांना रोजचे जमतच नाही त्यांनी आठवड्याची घ्यावी, पण वार ठरवून दिनदर्शिकेवर खूण करावी.

वर्षातून एकदा प्रचंड मात्रा घ्यायची पद्धत टाळावी. ऑस्ट्रेलियातल्या वयस्क स्त्रियांवरच्या चाचणीत वर्षाला एकदम ५,००,००० युनिट दिले गेले, आणि त्यांच्यात पडण्याचे आणि हाड मोडण्याचे प्रमाण कमी न होता वाढले. हा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. स्नायूत टोचलेल्या मोठ्या इंजेक्शनचीही अडचण हीच: एकदा दिल्यावर परत काढता येत नाही, आणि स्नायूतून शोषण कधी जलद, कधी संथ होते. शोषण पूर्ण बिघडलेले असेल तेव्हाच त्याचा विचार करावा.

ड३ की ड२? शक्य असेल तर ड३, म्हणजे आपल्या त्वचेत बनते तेच रूप. ते पातळी जास्त वाढवते आणि जास्त काळ टिकवते. ड३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या तेलापासून बनते. ते नको असेल तर दगडफुलापासून बनवलेले ड३ मिळते. मूत्रपिंड निकामी झालेल्यांना कधी कधी कॅल्सिट्रायॉल किंवा अल्फाकॅल्सिडॉल लागते. ती औषधे काही तासांतच कॅल्शियम वाढवू लागतात, त्यामुळे साध्या गोळीच्या जागी ती स्वतःहून घेऊ नयेत.

कॅल्शियमशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. प्रौढाला रोज साधारण १,००० मिलिग्रॅम लागते, पन्नाशीनंतरच्या स्त्रियांना १,२०० मिलिग्रॅम, आणि ते आधी अन्नातून मोजावे. कमी पडेल तेवढेच गोळीतून घ्यावे, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यावे. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर हवे, आणि लोहाची गोळीही वेगळ्या वेळी घ्यावी.

बाळासाठी वेगळे

आईच्या दुधात ड जीवनसत्त्व फार थोडे असते, त्यामुळे अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मानंतर लवकरच रोज ४०० युनिट थेंबांतून द्यावेत. धोका थेंबांच्या बाटलीत लपलेला असतो. काही बाटल्यांत १ मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असतात, काहींत एका थेंबातच ४००. बाटली बदलली आणि ड्रॉपर जुनाच वापरला, तर बाळाला कित्येक पट मात्रा जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये याबद्दल इशारा दिला होता. म्हणून त्याच बाटलीसोबतचा ड्रॉपर वापरावा, ४०० युनिटची खूण कुठे आहे ते उजेडात पाहावे, आणि घरात हे काम एकाच माणसाकडे ठेवावे, नाहीतर दोघे दोनदा देतात. मुडदूस झालेलाच असेल तर बाळाला रोज २,००० युनिट किमान तीन महिने आणि सोबत कॅल्शियम दिले जाते, पण ते बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

गोळी घेऊनही पातळी वाढत नाही, तेव्हा

आधी पाहायचे ते तारखेकडे. साठा निम्मा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून नवी पातळी स्थिर व्हायला साधारण तीन महिने जातात. महिन्याभरात तपासून ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणणे घाईचे आहे.

तीन महिने झाले असतील तर गोळी कशासोबत घेतली ते पाहा. चरबीत विरघळणारे द्रव्य उपाशीपोटी काळ्या चहासोबत घेतले तर बरेचसे वाया जाते. दिवसातले सर्वांत मोठे आणि थोडे तेल-तूप असलेले जेवण निवडा आणि गोळी त्याच्यासोबतच घ्या. त्यानंतर बघायचे मॅग्नेशियम. यकृत आणि मूत्रपिंडातल्या प्रक्रियांना ते लागते, आणि ते फार उतरले असेल तर ड जीवनसत्त्व देऊनही कॅल्शियम सुधारत नाही. दीर्घकाळ आम्लपित्ताच्या गोळ्या, जुलाब किंवा मद्यपान असेल तर ते तपासून घ्यावे. मग औषधांची यादी पुन्हा वाचा. ड२ घेत असाल तर प्रयोगशाळेला विचारा, काही पद्धती ड२ कमी मोजतात. हे सगळे नीट असूनही आकडा जागचा हलत नसेल तर शोषणाचा विकार शोधावा. सीलिएक आजार कधी कधी याच एका खुणेवरून सापडतो.

जास्त झाले तर

प्रौढांसाठी रोज ४,००० युनिट ही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवायची वरची मर्यादा आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी २,५००, चार ते आठ वर्षांसाठी ३,०००. विषबाधा बहुधा महिनोन्महिने रोज १०,००० च्या कितीतरी वर घेतल्याने होते, आणि तिची कारणे ठरलेली असतात: आठवड्याची ५०,००० ची गोळी रोज घेतली गेली, मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियमची गोळी आणि वेगळे थेंब या तिन्हींतले ड मोजलेच नाही, किंवा आठ आठवड्यांचा कोर्स कुणी थांबवलाच नाही. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द ठळक लिहून घ्या आणि शेवटच्या गोळीची तारीखही.

खुणा कॅल्शियम वाढल्याच्या असतात: सतत तहान, वारंवार लघवी, मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, भूक मरणे, गोंधळलेपण. पुढे मुतखडा होतो आणि मूत्रपिंडाला इजा होते. थायझाइड गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्या कॅल्शियम आणखी वाढवतात, आणि डिगॉक्सिन घेणाऱ्याच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशी शंका आली तर ड आणि कॅल्शियम दोन्ही त्याच दिवशी बंद करावे आणि रक्तातले कॅल्शियम व क्रिएटिनिन तातडीने तपासून डॉक्टरांना भेटावे. चरबीत साठलेले ड जीवनसत्त्व आठवडे ते महिने हळूहळू रक्तात येत राहते, म्हणून गोळी बंद केल्यावर बरे वाटले तरी कॅल्शियम सलग दोनदा व्यवस्थित येईपर्यंत तपासणी सुरू ठेवावी, आणि तोवर कॉड तेल आणि फोर्टिफाइड पदार्थही बाजूला ठेवावेत.